जालन्यात राहूनच डॉक्टर होता येतं का? अकरावी-बारावी, नीट आणि 'ट्रान्सफर'चा घोळ

(या भागात जे बोललो, ते इथे लिहून देतोय. बसमध्ये ऐकताना आवाज तुटला असेल तर वाचून घ्या.)

मंठा तालुक्यातून एक व्हॉइस मेसेज आलाय. मुलीचा दहावीचा निकाल लागलाय, मार्क चांगले आहेत. ती म्हणते, "दादा, पप्पा मला लातूरला ठेवायचं म्हणतात, त्यासाठी एक एकर विकायचं चाललंय. माझा मामेभाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिकडं पोरं आधी गावातल्या स्वस्त कॉलेजात दोन वर्षं काढतात, मग मोठ्या युनिव्हर्सिटीत जातात आणि डॉक्टर होतात. मग मी जालन्यात राहून का नाही होऊ शकत?"

प्रश्न एक एकराचा आहे, म्हणून आजचा अख्खा भाग यावरच.

आधी अमेरिकेचं समजून घेऊ

मामेभाऊ बरोबर सांगतोय. तिकडे बारावीनंतर थेट मेडिकल नसतं. आधी चार वर्षांची डिग्री, त्यात बायो, केमिस्ट्री, फिजिक्स हे विषय घ्यायचे. मग एमकॅट नावाची परीक्षा, आणि त्यानंतर चार वर्षं मेडिकल स्कूल. त्या डिग्रीची पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे घराजवळच्या कमी फीच्या कॉलेजात करता येतात. तिथले क्रेडिट घेऊन पुढे युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जायचं. यालाच ट्रान्सफर म्हणतात.

आपल्याकडे तसं आहे का?

एमबीबीएससाठी नाही. जालन्यात बीएस्सीची दोन वर्षं केली आणि मग एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला बसलो, असं होत नाही. नवीन शैक्षणिक धोरणात क्रेडिट जमा करायची सोय आली आहे, पण ते क्रेडिट बीएस्सीसारख्या डिग्रीत चालतात. एमबीबीएसला प्रत्येकजण पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करतो.

मग आपलं 'प्रीमेड' कुठलं? अकरावी-बारावी सायन्स. आपल्या आजोबांच्या पिढीत इंटर सायन्स करून मेडिकलला जायचे. १९७० च्या दशकात १०+२+३ आलं आणि ते काम ज्युनिअर कॉलेजकडे आलं. म्हणजे तुमच्या तालुक्यातलं ज्युनिअर कॉलेज हेच आपलं कम्युनिटी कॉलेज समजा.

कॉलेजचं नाव कुठे मोजतात?

कुठेच नाही. एमबीबीएसला दोन गोष्टी लागतात.

पहिली, पात्रता. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून ओपनला ५० टक्के आणि आरक्षित प्रवर्गाला ४० टक्के हवेत. इंग्रजीत पास हवं. ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. आपल्या बोर्डात प्रत्येक विषयाला ७० ची लेखी आणि ३० चं प्रॅक्टिकल असतं, म्हणजे तीन विषयांचे ३००. त्यातले ओपनला १५० लागतात.

दुसरी, नीट. १८० प्रश्न, ७२० मार्क. त्यातला निम्मा पेपर एकट्या बायोचा, ९० प्रश्न आणि ३६० मार्क. बरोबर उत्तराला ४, चुकलं की एक वजा. मेरिट लागतं ते या मार्कांवर. कॉलेज लातूरचं होतं की मंठ्याचं, हे त्या लिस्टमध्ये कुणी बघत नाही.

पेपर मराठीतही मिळतो, सोबत इंग्रजी असतं. पण वाद झाला तर इंग्रजी प्रश्नच धरतात. आणि तयारी ज्यावर होते ती एनसीईआरटीची पुस्तकं मराठीत नाहीत. म्हणून मराठी माध्यमातून आलेल्यांनी अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून बायोचे इंग्रजी शब्द पाठ करायला घ्या.

इथे पोरं फसतात

काहीजण कोट्याला जातात आणि बारावीही तिकडूनच देतात. महाराष्ट्राच्या कोट्यातून सीट हवी असेल तर साधारणपणे डोमिसाइल लागतं, आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते. सरकारी कॉलेजातल्या ८५ टक्के जागा या राज्य कोट्यात असतात, १५ टक्के ऑल इंडियात. बाहेरून बारावी केली की त्या ८५ टक्क्यांचा दरवाजा बहुतेकांसाठी बंद होतो. क्लास कुठेही लावा, बारावी मात्र महाराष्ट्रातच ठेवा.

दुसरा गैरसमज नव्या कॉलेजबद्दल. जालन्याला सरकारी मेडिकल कॉलेज आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा नव्या कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात आपलंही होतं. लोकांना वाटतं, आता जालन्याच्या पोरांना तिथे आधी घेतील. तसं नाही. जिल्ह्याचा कोटा नसतो. पूर्वी ७०:३० चा प्रादेशिक नियम होता, तोही सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. आता मंठ्याची पोरगी पुण्याच्या पोराबरोबर एकाच लिस्टमध्ये असते.

मग लोक लातूरला जातात कशाला?

उगाच जात नाहीत. लातूर पॅटर्न म्हणजे जादू नाही, पण शिस्त आहे. सतत टेस्ट, चुकलेल्या प्रश्नांवर पुन्हा काम, आणि आजूबाजूला तेच करणारी पोरं. हे घरी राहून जमवणं अवघड जातं, विशेषतः फिजिक्समध्ये.

म्हणून जालन्यात ॲडमिशन घेण्याआधी कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा. फिजिक्सचे सर रोज येतात का? प्रॅक्टिकल खरंच होतात का, की शेवटी नुसती जर्नल भरून घेतात? अभ्यासिका संध्याकाळी उघडी असते का? याची उत्तरं स्टाफपेक्षा बारावीच्या पोरांकडून लवकर मिळतात.

टेस्टची सोय फोनवरही होते. एनसीईआरटीची पीडीएफ फुकट आहे, नीटचे जुने पेपर फुकट आहेत. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्यांसाठी महाज्योतीची मोफत ऑनलाइन तयारी असते, त्यात टॅब आणि इंटरनेट डेटाही मिळतो. अर्ज दहावीनंतर निघतात, तारखेवर लक्ष ठेवा.

पहिल्या वेळी नाही झालं तर?

नीटला वयाची वरची मर्यादा नाही, किती वेळा द्यायची त्यालाही मर्यादा नाही. बरेचजण जालन्यातच बीएस्सीला नाव घालतात आणि पुन्हा नीट देतात. चालतं. नंबर लागला तर बीएस्सीचं वर्ष एमबीबीएसमध्ये धरलं जाणार नाही, पण नाही लागला तर हातात डिग्रीचं एक वर्ष तरी राहतं. आणि बारावीला बायो सोडून मॅथ्स घेतलं असेल तर २०२३ च्या नियमानुसार मान्यताप्राप्त बोर्डातून बायो नंतर वेगळा विषय म्हणून देता येतो.

आणि हो, आपल्याकडे खरंखुरं 'ट्रान्सफर' आहे, फक्त ते एमबीबीएसमध्ये नाही. डी.फार्म केल्यावर बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. जीएनएम केल्यावर पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग करता येतं. मामेभाऊ सांगतो त्याच्या सगळ्यात जवळचे आपले रस्ते हे आहेत. दवाखान्यातच काम करायचं असेल तर यांना कमी समजू नका.

तर, मंठ्याच्या ताई

तुझ्या पप्पांना हे ऐकव. अकरावी जालन्यात काढ. दर रविवारी वेळ लावून टेस्ट दे आणि मार्क वहीत लिही. दिवाळीपर्यंत ती वही बघितली की कळेल गाडी पुढे सरकतेय की अडकलीय. अडकली असेल, तर एखाद्या चांगल्या क्लासचा किंवा रिपीटच्या वर्षाचा विचार तेव्हा करता येईल. जमीन पुढच्या वर्षीही विकता येते, पण एकदा विकलेली परत मिळत नाही.

अजून एक. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅप राउंडमधून व्यावसायिक कोर्सला ॲडमिशन मिळाली तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर यांतलं जे तुला लागू आहे ते आत्ताच काढायला घे. ॲडमिशनच्या वेळी तहसीलला रांग असते.

एखाद्या दोस्ताच्या घरीही असंच लातूर-कोटा चाललं असेल, तर त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या!