कर्नाळ्याच्या पाचोळ्यात

पळस्पे फाटा मागे पडतो, शिरढोण मागे पडतं आणि खिडकीतून डोंगराच्या माथ्यावरचा काळा सुळका दिसायला लागतो. आसपासची माणसं त्याला अंगठा म्हणतात. ‘कर्नाळावाले, पुढे या,’ कंडक्टर हाळी देतो. चार-पाच जण उतरतात. बाकीची एसटी धूळ उडवत पेणकडे निघून जाते.

फेब्रुवारीतला रविवार. सकाळचे आठही वाजलेले नाहीत, तरी गेटापाशी रांग आहे. तिकिटाला वेळ लागत नाही, वेळ लागतो पिशव्या उघडून दाखवायला. टेबलामागचा माणूस पाण्याच्या बाटल्या मोजतो. वेफर्सची पाकिटं मोजतो. बिस्किटाचा पुडा उलटसुलट करून बघतो आणि तोही मोजतो. जेवढं प्लास्टिक आत जाईल तेवढं बाहेर आलं पाहिजे. तोवर अनामत रक्कम त्याच्या गल्ल्यात.

‘काका, ही स्टीलची आहे.’

‘मग ती नाही मोजत. पुढे चला.’

माझ्या पुढे डोंबिवलीचं एक मोठं कुटुंब आहे आणि त्यांच्याकडे फरसाणच फार आहे. त्यांच्याही पुढे शाळेची मुलं, पाठीवर दप्तरं, डोक्यावर पिवळ्या टोप्या. रांग मुंगीच्या पावलानं सरकते. मुलांच्या बाई वैतागत नाहीत. त्यांना याची सवय दिसते.

आत शिरलं तरी हायवे सुटत नाही. पळस्प्याला सुरू होऊन पार कन्याकुमारीपर्यंत जाणारा हा रस्ता अभयारण्यातूनच काढलेला. ट्रक चढावर गिअर बदलतो, पाठोपाठ कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसतो. पक्षी ऐकायला आलेली माणसं एकमेकांकडे बघून कसनुसं हसतात. पायवाट वळते, मध्ये झाडी येते, उतार आडवा येतो. मग हळूहळू दुसरे आवाज कानावर यायला लागतात. तांबटाची एकसुरी टुकटुक. दूर कुठे भृंगराज, कुणाची तरी नक्कल करतोय.

इथून दोन निसर्गमार्ग निघतात, हरियाल आणि मोरटाका. गडाची वाट वेगळी. मी हरियालच्या वाटेला लागतो. पायाखाली सागाची पानं. एकेक पान ताटाएवढं. पाऊल पडलं की असा आवाज होतो की लपून काही बघायची सोयच नाही. दुर्बीण गळ्यात घातलेले दोघे तरुण पुढे उभे आहेत. ते ओठांवर बोट ठेवतात. मी थांबतो. उंबराच्या फांदीवर हिरवं काही हललं असावं. बराच वेळ तिघेही माना वर करून उभे राहतो. पुन्हा काही हलत नाही. ‘हरियाल असेल,’ एकजण कुजबुजतो. असेलही. महाराष्ट्राचा राज्यपक्षी दिसण्यापेक्षा न दिसण्यातच पटाईत आहे.

1968 मध्ये हे अभयारण्य झालं तेव्हा पाच चौरस किलोमीटरसुद्धा नव्हतं. 2003 नंतर वाढून ते 12.11 चौरस किलोमीटर झालं आहे. तरीही राज्यातल्या इतर जंगलांच्या मानानं हा तुकडाच. पण पक्ष्यांची यादी लांबलचक. तिबोटी खंड्या तर पावसाच्या तोंडावर इथे घरटं करायला येतो. म्हणजे आज तो नाही.

आज जमिनीकडे बघण्याचा दिवस आहे. कुंभ्याची पानं गळण्याआधी लाल होतात, ती वाटेवर पसरली आहेत. काटेसावरीची जाड, लाल फुलं धपकन खाली पडतात. ऐनाच्या सालीवर मगरीच्या पाठीवर असतात तशा खोल भेगा. शेजारच्या खडकावर राखाडी-हिरवट दगडफुलाचे गोल डाग, एकातून दुसरा फुटलेला. आपण मसाल्यात टाकतो ते असल्यांपैकीच. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला हा संसार वाढतो फारच सावकाश. खांद्याच्या उंचीवर विणकर मुंग्यांचं घरटं लोंबतंय. हिरवी पानं कडेला कड लावून शिवलेली. शिवायला दोरा त्यांच्या अळ्यांचा. कामकरी मुंग्या अळीला तोंडात धरून या पानावरून त्या पानावर नेतात आणि अळीच्या तोंडातून रेशीम निघतं. फार जवळ जाऊ नये, कडकडून चावतात.

मोकळ्या जागेत पिवळ्या टोप्या बसल्या आहेत. बाईंनी जमीन हातानं साफ केली आहे आणि मुलांना गोळा करायला पिटाळलं आहे.

‘बाई, हे घेऊ?’

‘झाडावरचं नको. खाली पडलेलं आण.’

नियम एवढा एकच. मुलं ओंजळी भरून येतात. पळसाच्या पाकळ्या, सावरीची फुलं, बेहड्याच्या बिया, वाळक्या काटक्या. एकाला सागाचं जाळीदार पान सापडलं आहे. अळ्यांनी मधलं सगळं खाऊन शिरा तेवढ्या शिल्लक ठेवल्या आहेत. ते पान हातोहात फिरतं. त्यातून सूर्याकडे बघितलं जातं. मग बाई ते मोराच्या पिसाऱ्यात लावतात, कारण जमिनीवर आता मोर आकार घेतोय. मान काटक्यांची, पिसारा कुंभ्याच्या पानांचा. डोळ्याला गुंजेचा एक दाणा. ‘तोंडात घालायची नाही, विषारी असते,’ बाई तीनदा बजावतात. वाऱ्याची झुळूक येते आणि अर्धा पिसारा उडतो. मुलं ओरडतात, पुन्हा मांडतात. परदेशात काही कलावंत अशीच पानं, बर्फ, दगड मांडून रानात कलाकृती करतात आणि फोटो काढून निघून जातात. आपल्याकडे रोज सकाळी अंगणात रांगोळी घातली जाते आणि दुपारपर्यंत पुसली जाते. मुलांना हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

दहा वाजतात. ऊन अंगावर येतं. घामानं शर्ट पाठीला चिकटतो. गडाकडे निघालेले आता चढावर धापा टाकत असतील. माथा जवळजवळ दीड हजार फुटांवर. सुळक्याच्या पोटात कोरलेली पाण्याची टाकी आहेत आणि कड्याला आग्या मोहोळं. तिथे ओरडायचं नाही, विडी-सिगरेट पेटवायची नाही, असं जाणारे एकमेकांना सांगत जातात.

एका मुलानं मूठ खिशात घातली आहे. बाईंच्या नजरेतून सुटत नाही. मुठीत चार गुंजा. ‘घरी आईला दाखवतो ना.’ बाई मान हलवतात. अभयारण्यातून पान-फूलसुद्धा बाहेर न्यायचं नसतं, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. मुलगा गुंजा मोराच्या पायाशी ठेवतो. गेटावर प्लास्टिक मोजणाऱ्या माणसाचा हिशेब इथे मला पुरता कळतो. तुमचं आत राहायला नको, इथलं बाहेर जायला नको. आठवड्याच्या एवढ्या गर्दीनंतरही या वाटेवर पाचोळा आणि बियाच दिसतात, रॅपर क्वचित. मोजणीची कटकट सोसायला हरकत नाही.

जायचं असेल तर मार्च सरायच्या आत आणि सकाळी लवकर जा. पनवेल स्टँडवरून पेणकडे जाणाऱ्या साध्या एसटीत बसा आणि तिकीट काढतानाच कर्नाळ्याला थांबते का ते विचारून घ्या. डबा स्टीलचा न्या, बाटलीही. रांगेत तुमचा आणि मागच्यांचाही वेळ वाचेल.