आईचा फोटो नसलेल्या घरात

आई गेली की भिंतीवर लावायला फोटो शोधतात. आपल्या कितीतरी घरांत तो सापडतच नाही. रोजावर जाणाऱ्या बाईला स्टुडिओत कोण नेणार? माझ्या आईचाही नाही. जुन्या कागदावर अंगठा तेवढा आहे.

नागपूरच्या कवयित्री ज्योती लांजेवार (१९५०–२०१३) यांची ‘आई’ ही कविता अशा घरांतली आहे. तीत आई प्रथम दिसते ती न मिळालेल्या वस्तूंतून. जरीकाठाची साडी, सोन्याचा दागिना, भारी चपला लेकीने तिच्या अंगावर कधी पाहिल्याच नाहीत. मग पाहिलेले येते: पोळलेले तळपाय, बाभळीला टांगलेली लेकराची झोळी, रस्त्याच्या कामावरचे डांबर. मला या कवितेत सर्वांत भिडते ते हे ‘नाही’. दुःख हा शब्द न उच्चारताही काय गमावले ते कळते. पुढे नामांतराच्या लाँग मार्चमध्ये (१९७९) हीच आई पुढे चालते, आणि मरतानाही तिच्या ओठी ‘जयभीम’ असतो. कुणाला ही घोषणाबाजी वाटेल. पण जन्मभर जे म्हटले, तेच ती शेवटी म्हणणार ना?

आमची मुले विचारतात, आजी कशी होती? मी त्यांना तिचे घमेले दाखवतो. एका बाजूने चेपलेले आहे.