आधी दोरी, मग कोनोवीडर

धानाच्या निंदणीचे यंत्र म्हटले की आपल्याकडे दोनच नावे निघतात : जपानी कोळपे आणि कोनोवीडर. पहिल्याचा इतिहास लवकर आटोपतो. तोत्तोरीच्या नाकाई ताइचिरो यांनी १८९२ च्या सुमारास फिरत्या दात्यांचे ढकलकोळपे केले. आपल्याकडे ते १९५३ नंतर जपानी भातशेतीच्या मोहिमेबरोबर आले. मोहीम ओसरली आणि कोळपी गोठ्यात गंजली, कारण रोवणा दोरीवर नव्हताच. दोन ओळींत सारखी वाट नसेल तर यंत्र धानच तुडवते.

कोनोवीडर आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा. त्याच्या दोन शंकूंची तोंडे परस्परविरुद्ध असतात आणि पाती आलटूनपालटून साधी व दातेरी. त्यामुळे चिखल एकदा इकडे, एकदा तिकडे ढकलला जातो आणि पाखड, लव्हाळा उपटून तिथेच गाडला जातो. पुढचा फ्लोट यंत्राला रुतू देत नाही. माझ्या मते सारी करामत त्या फ्लोटच्या कोनात आहे. सिहार जमिनीत जो कोन चालतो, तो मोरांडात चालत नाही. कन्हारात तर शंकू आणि चौकट यांच्यामध्ये चिखल घट्ट बसतो, आणि बांधीत बोटभर पाणी नसेल तर शंकू फिरायचेच थांबतात. एकच साचा भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत वाटणाऱ्यांना हे कितीदा सांगितले!

इंजिनवाल्या वीडरचे कैवारी ‘निंदण कार्यक्षमते’ची टक्केवारी पुढे करतात. आधीचे तण मोजा, उरलेले वजा करा, झाले! पण मोडलेले फुटवे कोण मोजणार? धुऱ्यावर वळताना त्या इंजिनाचे वजन कोण उचलणार? निंदण बायाच करतात. मूठ त्यांच्या कोपराच्या उंचीला हवी आणि यंत्र एका हाताने उचलून शेजारच्या बांधीत नेता आले पाहिजे. चाचणीला मात्र धडधाकट पोरे उभी करतात.

फ्रेंच पाद्री दे लॉलानी यांनी १९८३ मध्ये मादागास्करात जमवलेल्या ‘श्री’ (एसआरआय) भातलागवड पद्धतीत रोवणा २५ बाय २५ सेंटिमीटरवर, चौकोनात असतो. त्यामुळे यंत्र उभे चालते, तसे आडवेही, आणि बुंध्यालगतचे तणही निघते. वीस बाय पंधरात ती सोय नाही. आपल्या डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातलागवडीतही पंधरा-पंचवीसच्या जोडओळी आहेत. त्यातल्या पंचवीसच्या पट्ट्यात कोळपे सुखाने चालते. यंत्राची रचना रोवण्याच्या दोरीपासून सुरू होते, हे मी आयुष्यभर सांगत आलो.

आता फवारणीची लाट आहे. बिस्पायरीबॅक तणनाशक मारले की काम झाले, असे तरुण शेतकरी म्हणतो. मजुरी परवडत नाही, ही त्याची अडचण खरीच आहे. पण फवारणी तण मारते, चिखल ढवळत नाही, मुळांना हवा देत नाही. म्हणून सिंदेवाही आणि साकोलीच्या संशोधन केंद्रांकडे माझे मागणे एवढेच : फ्लोटच्या दांडीला कोन बदलायला तीन भोके पाडा, मूठ वरखाली करण्याजोगी ठेवा आणि नवा नमुना आधी मोरांडाच्या बांधीत बायांच्या हाती द्या.