परदेशात सेवेला जायचंय? आधी जामखेड बघा

कागलमधल्या नर्सिंग आणि समाजकार्य शिकणाऱ्या पोरापोरींनो, ही पोस्ट खास तुमच्यासाठी.

परदेशात स्वयंसेवक म्हणून जायची इच्छा असेल तर मनापासून कौतुक. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही असेच १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले.

पण जगभरातली माणसं गावपातळीवरची आरोग्यसेवा शिकायला आपल्या राज्यात येतात, हे माहीत आहे का? नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरोग्यसेविका म्हणून गावातल्याच बायका निवडल्या, बहुतेक निरक्षर. त्या बाळांची वजनं करायला शिकल्या, सुरक्षित बाळंतपण शिकल्या. जुलाब झालेल्या लेकराला काय पाजायचं, तेही शिकल्या: लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. एवढ्यानं जीव वाचतो! ज्या बाईला गावात कुणी विचारत नव्हतं, तिच्या दारात लोक सल्ल्याला येऊ लागले. माझ्या मते महिला सक्षमीकरण म्हणजे हेच. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बाहेर जायचंच असेल तर संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम बघा. अर्जाला पैसे लागत नाहीत, निवड झाली तर निर्वाहभत्ता मिळतो. भरमसाट फी घेऊन दोन आठवडे फिरवून आणणाऱ्या एजंटांपासून लांबच राहा. आणि त्याआधी जामखेडच्या प्रशिक्षणाची चौकशी जरूर करा.