पडद्यामागची यंत्रणा – भाग ६ : इंटरकॉमचा अँटेना कुठे लावायचा?

मागच्या भागात तारेवरची पार्टीलाइन (सगळ्यांचं बोलणं एकाच तारेवर) पाहिली. या वेळी कमरेला अडकवायचा बिनतारी बेल्टपॅक. तो घेतला की केबलची कटकट संपली, असं भाड्याने देणारा सांगतो. संपते ती फक्त कंबर ते अँटेना एवढीच. पुढचं सगळं तारेवरच चालतं आणि घोटाळेही बहुधा तिथेच होतात.

क्लिअर-कॉमचा १.९ गिगाहर्ट्झवाला फ्रीस्पीक, रिडेलचा बोलेरो आणि छोट्या युनिटमध्ये दिसणारे होलीलँडचे १.९ गिगाहर्ट्झवाले सॉलिडकॉम हेडसेट हे सगळे डेक्ट पद्धतीवर चालतात. घरातल्या कॉर्डलेस फोनचीही हीच पद्धत. १० मिलिसेकंदांची एक फेरी, तिचे २४ तुकडे, त्यातले निम्मे जायला आणि निम्मे यायला. म्हणून वॉकी-टॉकीसारखं ‘ओव्हर’ म्हणत बसावं लागत नाही. दिग्दर्शक बोलत असतानाच कॅमेरामन ‘फोकस जातोय’ म्हणू शकतो. मात्र सेट कुठल्या प्रदेशासाठी बनवला आहे, ते आधी विचारा. युरोपात डेक्टचा पट्टा १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ, अमेरिकेत १९२० ते १९३०. आपल्याकडे १९२० च्या पुढे मोबाइल फोन टॉवरशी बोलत असतात. त्यामुळे कुणी अमेरिकेहून हौसेने आणलेला सेट भरल्या सभागृहात वापरू नये. तो स्वतः तर अडखळेलच, शिवाय मोबाइल कंपनीच्या पट्ट्यात लुडबुड होईल ती वेगळीच.

आता अँटेना. बेस स्टेशन विंगेतल्या रॅकमध्ये आहे म्हणून अँटेनाही त्याच रॅकवर ठेवायचा, हा आळस नडतो. तो स्टँडवर तीन-चार मीटर उंच, प्रेक्षकांच्या डोक्यांवरून सरळ दिसेल असा हवा. एलईडी वॉलच्या मागे तर मुळीच नको, कारण लहरींच्या दृष्टीने ती वॉल म्हणजे धातूची भिंत. माणूसही अडथळाच, शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं. सभागृहाच्या मागच्या बाजूचा कॅमेरामन पाहा. तोंड रंगमंचाकडे, पॅक पाठीमागे पँटच्या पट्ट्याला. अँटेना फक्त रंगमंचाजवळ असेल तर मध्ये त्याचं स्वतःचंच धड येतं. एक तर दुसरा अँटेना साउंडच्या टेबलामागे लावा, नाहीतर पॅक कुशीला सरकवायला सांगा. सॉलिडकॉमसारख्या सेटमध्ये बाकीचे हेडसेट एका मास्टर हेडसेटला जोडलेले असतात. तो मानाने दिग्दर्शकाकडे जातो आणि दिग्दर्शक बसतो बाहेर व्हॅनमध्ये! मास्टर मधोमध असलेल्या माणसाच्या डोक्यावर हवा.

अँटेना एकाहून जास्त असले की सगळ्यांची वेळ जुळावी लागते. पथकात एक ढोल मागे पडला तर होतं तेच इथे होतं. माणूस एका अँटेनाच्या टप्प्यातून दुसऱ्याच्या टप्प्यात गेला की आवाज तुटतो. ही वेळ नेटवर्कवरूनच जुळवली जाते, म्हणून नेटवर्कवरच्या अँटेनांसाठी कंपनीने सांगितलेलाच स्विच घ्या, ऑफिसातला जुना उचलून आणू नका. इथरनेट केबल १०० मीटरच्या आत ठेवा. डिमरच्या केबलशेजारून ती नेऊ नका. ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडा.

खरी मेहनत लागते ती जुन्या पार्टीलाइनशी सांधा जुळवताना. क्लिअर-कॉमच्या तीन पिनांच्या केबलमध्ये पहिली पिन ग्राउंड, दुसरीवर सुमारे ३० व्होल्ट, तिसरीवर आवाज. कनेक्टर मात्र माइकच्या केबलचाच. त्यामुळे घाईत ही केबल मिक्सरमध्ये खुपसली जाते. इंटरकॉमच्या प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची टेप गुंडाळा. कनेक्टरचं धातूचं कवच पहिल्या पिनेला जोडू नका. ते कुठल्या लोखंडी ट्रसला टेकलं की गुणगुण सुरू होते. आणि प्रत्येक चॅनलवर २०० ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे लाइनवरचा रोध, एकच हवं. दोन झाली तर आवाज पडतो, एकही नसेल तर लाइन शिटी मारते.

त्यानंतर नलिंग. तारेच्या लाइनवर पाठवलेला आवाज त्याच तारेवरून परत येतो, तो तारेची आणि बिनतारी बाजू जोडणाऱ्या इंटरफेसमध्ये मारावा लागतो. सगळे वायर्ड पॅक जोडून, सगळ्यांचे माइक बंद करूनच हे करायचं. नंतर कुणी लांब केबल वाढवली किंवा आणखी पॅक लावला तर पुन्हा करायचं. बिनतारी बाजूला स्वतःचाच आवाज घुमून येत असेल, तर अँटेनाला शिव्या न घालता आधी इथे पाहावं.

शेवटी पॅक लावून एकाने आकडे मोजत हिंडायचं: विंगा, मेकअप रूम, बाल्कनी, व्हॅनपर्यंत. दुसऱ्याने नकाशावर आकडा कुठे गळला ते टिपायचं. रिकाम्या सभागृहात जिथे आवाज जेमतेम पोहोचतो, तिथे प्रेक्षक बसल्यावर तो पोहोचणार नाही असंच धरा आणि अँटेना आताच हलवा. पडदा उघडल्यावर कुणी स्टँड हलवू देत नाही.

पुढच्या आठवड्यात हेडसेट, आणि सतत चालू राहणारे माइक.