कागदाचे पान आणि विजेचे पान

मनुष्याने आपले विचार टिकवून ठेवण्यासाठी आजवर नाना प्रकारचे पदार्थ वापरले आहेत. मेसोपोटेमियात मातीच्या विटा, ईजिप्तमध्ये पपायरस, आपल्या देशात ताडपत्र व भूर्जपत्र, आणि चीनमध्ये निर्माण होऊन सर्वत्र पसरलेला कागद, अशी ही परंपरा आहे. गेल्या काही दशकांत तीत विजेवर चालणाऱ्या पानाची भर पडली. १९७१ साली अमेरिकेत मायकेल हार्ट ह्यांनी इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकन स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित करून इतरांसाठी खुला केला. विद्युत्-पुस्तकांचा आरंभ बहुधा तेथून मानतात. पुढे २००७ साली ॲमेझॉन कंपनीचे ‘किंडल’ हे ई-रीडर यंत्र व २०१० साली ॲपल कंपनीचा ‘आयपॅड’ हा टॅबलेट बाजारात आला. तेव्हापासून शाळा आणि ग्रंथालये ह्यांच्यापुढे एक प्रश्न उभा आहे. हाती असलेला थोडा पैसा छापील पुस्तकांवर खर्चावा की यंत्रांवर? ह्याचे उत्तर शोधताना प्रथम ही पाने घडतात कशी, हे पाहिले पाहिजे.

पान दिसते कसे?

कागद स्वतः प्रकाश देत नाही. सूर्याचा वा दिव्याचा प्रकाश त्यावर पडतो व परावर्तित होऊन आपल्या डोळ्यांत शिरतो. शाईने व्यापलेला भाग तो प्रकाश शोषून घेतो, म्हणून अक्षर काळे दिसते.

टॅबलेटची रीत ह्याच्या उलट आहे. पुष्कळशा टॅबलेटांत पडद्यामागे दिवे असतात. त्यांचा प्रकाश द्रवस्फटिकांच्या थरातून येतो. ह्या थरावरील विजेचा दाब बदलला की कोठे किती प्रकाश बाहेर पडावा हे ठरते. म्हणजे येथे आपण दिव्याकडेच पाहत वाचत असतो. चित्रे, रंग व हालचाल दाखविण्यास ही योजना उत्तम. परंतु उन्हात असा पडदा फिका पडतो, आणि दिवे सतत जळत असल्यामुळे वीजही बरीच लागते.

ई-रीडर हे तिसरेच प्रकरण आहे. पुष्कळ लोक त्याची व टॅबलेटची गणना एकत्र करतात, ती योग्य नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत जोसेफ जेकबसन व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९० नंतरच्या दशकात एक विद्युत्-शाई तयार केली. तिच्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीतील स्वच्छ द्रवात पांढरे व काळे कण तरंगतात. त्यांवरील विद्युत्-भार परस्परविरुद्ध असतात. विजेच्या प्रभावाने पांढरे कण वर आले की तो बिंदू पांढरा दिसतो, काळे आले की काळा. एकदा पान उमटले की ते तसेच राखण्यासाठी वीज लागत नाही. ती मुख्यतः पान बदलताना खर्च होते. म्हणून असे यंत्र एकदा भारित केले की पुष्कळ दिवस चालते. ही अक्षरे कागदाप्रमाणेच परावर्तित प्रकाशात वाचली जातात. रात्रीसाठी बसविलेले दिवेदेखील कडेने पानावर प्रकाश टाकतात.

डोळा आणि झोप

जवळच्या अक्षरांवर दृष्टी स्थिर ठेवताना डोळ्यातील स्नायू ताणलेले असतात, आणि एकटक पाहण्याच्या भरात पापण्यांची उघडझाप कमी होते. डोळे कोरडे पडणे हा त्याचाच परिणाम. कागद असो वा पडदा, दर २० मिनिटांनी सुमारे २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, असा सल्ला नेत्रतज्ज्ञ देतात.

झोपेच्या बाबतीत मात्र भेद आढळला आहे. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ तरुणांना झोपण्यापूर्वी चार तास काही रात्री छापील पुस्तक व काही रात्री टॅबलेट वाचावयास दिला. टॅबलेट वाचलेल्या रात्री त्यांना झोप लागण्यास सरासरी सुमारे १० मिनिटे अधिक लागली, आणि निद्रेशी संबंधित असलेल्या मेलाटोनिन ह्या द्रव्याचे प्रमाणही घटले. ह्या प्रयोगात खोली अंधुक व पडदा पूर्ण प्रखर ठेवला होता, हे ध्यानात घेऊनच त्याचा अर्थ लावावा.

ध्यानात काय राहते?

शाळांच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय. २०१८ साली स्पेन व इस्रायल येथील संशोधकांनी ५४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. त्यांत १,७१,००० हून अधिक वाचकांचा समावेश होता. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा किंचित अधिक समजला. वाचनास वेळेचे बंधन असता हा फरक वाढला. केवळ कथात्मक मजकुरात मात्र तो दिसला नाही. सवय झाली की हे अंतर मिटेल, असे पुष्कळांना वाटत होते. परंतु अलीकडच्या अभ्यासांत ते घटण्याऐवजी वाढलेलेच आढळले. पडद्यावर आपण चाळत, धावत वाचतो आणि तरीही आपल्याला सारे समजले असे मानतो, हे ह्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते.

नॉर्वेमधील संशोधिका ॲन मँगेन व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५० तरुणांनी २८ पानांची एक रहस्यकथा वाचली; काहींनी पुस्तकात, काहींनी किंडलवर. बहुतेक कसोट्यांत दोन्ही गट सारखे उतरले. परंतु घटनांचा कालक्रम पुस्तक वाचणाऱ्यांनी अधिक अचूक सांगितला. डाव्या हातातील पाने वाढत जातात व उजव्या हातातील कमी होतात. ह्या स्पर्शातून आपण कोठवर आलो हे मनास कळत असावे, असा तर्क आहे.

यंत्राचे खरे गुण

एवढ्यावरून यंत्र त्याज्य ठरत नाही. मंददृष्टी वाचकाला अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. अंध वाचकाला तोच मजकूर ऐकता येतो. अशा वाचकांसाठी ग्रंथ सुलभ करण्याचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली माराकेश येथे झाला, आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता. शिवाय सुमारे २०० ग्रॅम वजनाच्या ई-रीडरमध्ये शेकडो ग्रंथ मावतात. मात्र आपल्या भाषांतील अनेक विद्युत्-पुस्तके म्हणजे छापील पानांची केवळ छायाचित्रे असतात. त्यांतील अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. खरेदीपूर्वी ग्रंथपालाने हे अवश्य तपासावे.

पुस्तक कोणाचे?

विकत घेतलेले छापील पुस्तक ग्रंथालयाचे होते. विद्युत्-पुस्तकाच्या बाबतीत पुष्कळदा केवळ वाचण्याचा परवाना मिळतो. २००९ साली ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल ह्यांच्या दोन ग्रंथांच्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून दूर बसून पुसून टाकल्या. त्या विकणाऱ्याकडे प्रकाशनाचे हक्क नव्हते. ग्राहकांना पैसे परत मिळाले व कंपनीने क्षमाही मागितली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तक-दुकान बंद केले, तेव्हा तेथून घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. मूल्य परत केले गेले, पण पुस्तके गेली. कागदालाही वाळवी, ओल व आम्ल हे शत्रू आहेत. तथापि कपाटातील प्रत कोणी दुरून काढून नेऊ शकत नाही.

निवड कशी करावी?

अभ्यासाचा, सावकाश व पुनःपुन्हा वाचावयाचा मजकूर छापील असावा. कादंबऱ्या, प्रवासातील वाचन व मंददृष्टी वाचक ह्यांसाठी ई-रीडर उपयुक्त आहे. नकाशे, रंगीत आकृत्या, ध्वनी व शोध ह्यांसाठी टॅबलेट घ्यावा. झोपण्यापूर्वी मात्र तो दूर ठेवावा. आणि जो ग्रंथ पुढच्या पिढीच्या हाती पडावा असे ग्रंथालयाला वाटते, त्याची एक तरी छापील प्रत कपाटात असू द्यावी.