धनजच्या कापसातील कार्बन आला कोठून?

वाशिम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात असलेल्या धनजच्या शिवारात दिवाळीच्या सुमारास कापूस फुटू लागतो. त्यातील एक बोंड हातात घेतले, तर विश्वाच्या इतिहासाचे दोन निरनिराळे कालखंड आपल्या मुठीत येतात. कापसाचा तंतू प्रामुख्याने सेल्युलोजचा बनलेला असतो. त्यात कार्बनच्या सहा अणूंमागे हायड्रोजनचे दहा आणि ऑक्सिजनचे पाच अणू असतात. यांपैकी हायड्रोजन विश्वाच्या आरंभकाळातील, म्हणजे सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. कार्बन व ऑक्सिजन मात्र त्यानंतर ताऱ्यांच्या पोटात तयार झाले. ज्या काळ्या मातीत हे झाड वाढले, त्या मातीतील लोहही ताऱ्यांचेच. माती, पाणी आणि हवा यांतून हे अणू पिकात येतात; पीक ते निर्माण करीत नाही. मग ते मुळात घडले कसे?

पहिली काही मिनिटे

महास्फोटानंतर विश्व वेगाने प्रसरण पावत थंड होऊ लागले. तापमान शंभर कोटी अंशांच्या आसपास आले, तेव्हा प्रोटॉन व न्यूट्रॉन एकत्र येऊन हेलियमची अणुकेंद्रे तयार झाली. ही प्रक्रिया काही मिनिटांतच आटोपली. वजनाच्या हिशेबाने त्या वेळी सुमारे ७५ टक्के हायड्रोजन आणि २५ टक्के हेलियम होते. ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन आणि लिथियम यांचे प्रमाण अत्यल्प होते. त्यापुढे निर्मिती खुंटली, कारण पाच किंवा आठ कणांचे स्थिर अणुकेंद्र निसर्गात नाही. शिडीच्या मधल्या पायऱ्याच नसाव्यात, तशी ही अवस्था. ही अडचण पार करण्याइतका वेळ झपाट्याने थंडावणाऱ्या विश्वाकडे नव्हता.

ताऱ्यांची भट्टी

वेळ होता तो ताऱ्यांकडे. सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमानाला दर सेकंदाला ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते. हायड्रोजन संपत आला की ताऱ्याचा गाभा आकुंचन पावतो आणि तापमान दहा कोटी अंशांवर जाते. तेथे हेलियमची तीन अणुकेंद्रे जुळून कार्बन तयार होतो.

ही जुळणी पुरेशा प्रमाणात व्हायची, तर कार्बनच्या अणुकेंद्राला एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असे भाकीत ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी १९५३ मध्ये केले. अमेरिकेतील कॅल्टेकच्या प्रयोगशाळेत ते खरे ठरले. १९५७ मध्ये मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉईल यांनी मूलद्रव्यांच्या ताऱ्यांतील निर्मितीचा सविस्तर आराखडा मांडला. मोठ्या ताऱ्यात कार्बनपासून ऑक्सिजन, निऑन, सिलिकॉन अशी मजल लोहापर्यंत जाते. त्यापुढील संमीलनातून ऊर्जा मिळत नाही, उलट ती खर्चावी लागते. गाभा कोसळतो, अतिनवताऱ्याचा स्फोट होतो आणि ताऱ्याने घडविलेले द्रव्य अवकाशात उधळले जाते. त्यातूनच पुढे नवे तारे आणि ग्रह जन्मतात.

गुरु-शिष्य आणि हेलियमचा पेच

त्याच १९५७ मध्ये कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला दाखल झाले. १९६३ मध्ये हॉईल यांच्याच मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळविली. हॉईल यांना महास्फोटाची कल्पना मान्य नव्हती. तथापि विश्वात दिसते तेवढे हेलियम सामान्य ताऱ्यांत तयार होणे कठीण आहे, हे १९६४ मध्ये रॉजर टेलर यांच्यासह त्यांनीच दाखवून दिले. तारे ड्युटेरियम तर निर्माण करण्याऐवजी जाळूनच टाकतात. १९६५ मध्ये विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाचा शोध लागला आणि महास्फोटाची बाजू भक्कम झाली.

तरीही १९९३ मध्ये हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी एकमेव आरंभ न मानणारा वेगळा सिद्धांत पुढे ठेवला. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. जड मूलद्रव्यांचे श्रेय ताऱ्यांना आणि हेलियमच्या मोठ्या भागाचे श्रेय आरंभीच्या विश्वाला, अशी वाटणी आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. निरीक्षणांनी हॉईल यांना एका प्रश्नात यश दिले, दुसऱ्यात नाही. नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात उभी केलेली ‘आयुका’ ही संस्था मात्र या कथेच्या पुढच्या प्रकरणात सहभागी आहे.

सोन्याचा माग हिंगोलीतून

ते प्रकरण सोन्याचे आहे. लोहापेक्षा जड अशा सोने, प्लॅटिनम, युरेनियम यांच्या निर्मितीसाठी अणुकेंद्रांवर न्यूट्रॉनचा अतिवेगवान मारा व्हावा लागतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर झाल्याचे गुरुत्वीय लहरींवरून कळले. त्यानंतर दुर्बिणींनी टिपलेल्या प्रकाशात नव्याने बनलेल्या जड मूलद्रव्यांच्या खुणा आढळल्या. अशा लहरी गोंगाटातून वेचून काढण्याच्या गणिती पद्धती विकसित करण्यात ‘आयुका’तील डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे.

विश्वातील सारे सोने अशा टकरींतूनच आले, की काही विरळा स्फोटांचाही त्यात वाटा आहे, हे अद्याप ठरायचे आहे. त्यासाठी अशा आणखी घटना सापडल्या पाहिजेत आणि त्यांची आकाशातील जागा तत्काळ कळली पाहिजे. कारण टकरीनंतरचा दृश्य प्रकाश काही दिवसांतच मंदावतो. दूरदूरच्या वेधशाळांच्या एकत्रित नोंदींवरून ही जागा अचूक ठरते. म्हणूनच वाशिमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ला महत्त्व आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेली ही वेधशाळा सुरू झाल्यावर अंगावरच्या दागिन्यातील सोने कोठे घडले, या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग धनजच्या शेजारच्या जिल्ह्यातूनच मिळू शकेल.